रामशास्त्री : सावकाराच्या ओसरीवरून न्यायासनापर्यंत

येळ्ळूर, दि. – निःस्पृह माणसाचे वर्णन करताना मराठी भाषा आजही एक विशेषण सहज वापरते : रामशास्त्री बाण्याचा. अठराव्या शतकातील एका न्यायाधीशाचे नाव असे भाषेत मुरले. मात्र ज्या माणसावरून हा शब्दप्रयोग आला, त्याचे तारुण्य पाहता तो पुढे न्यायासनावर बसेल असे त्याच्या जवळच्यांनाही वाटले नव्हते.

रामशास्त्री प्रभुणे मूळचे सातारजवळच्या क्षेत्र माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील हे गाव विद्वान ब्राह्मणांचे आणि घाटांचे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्याने रामाचा सांभाळ चुलत्यांकडे आला. मुलाचे लक्ष पाठांतरात नव्हते. ज्या वयात त्याच्या बरोबरीची मुले संहिता म्हणत होती, त्या वयात हा पोरका मुलगा उनाडक्या करीत गावभर फिरे. बोलणी खाऊन खाऊन अखेर त्याने घर सोडले आणि साताऱ्यात अनगळ या सावकाराच्या घरी शागीर्द म्हणून चाकरी धरली. पाणी भरणे, हातावर पाणी घालणे, सांगेल ते काम करणे, एवढाच त्याचा दिनक्रम. अक्षरओळख जेमतेम.

त्याच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग परंपरेने जपला आहे. सावकार हातपाय धूत असताना रामा पाण्याची धार धरून उभा होता. समोर जडजवाहीर मांडलेले होते. त्या लखलखाटाकडे पाहताना त्याचे भान सुटले आणि धार भलतीकडे गेली. सावकाराने त्याला त्याची पायरी दाखवून दिली : असली रत्ने पाहण्याची हौस असेल तर तशी योग्यता आधी अंगी यावी लागते. चाकराला असे बोल नित्याचेच. पण हे बोल रामाच्या जिव्हारी लागले. विशीच्या उंबरठ्यावर, शिकण्याचे वय सरले असे जग मानत असताना, त्याने काशीची वाट धरली.

काशीत त्याला गुरू लाभले ते बाळंभट्ट पायगुंडे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा हा त्या काळच्या व्यवहारनिर्णयाचा मुख्य आधार, आणि मिताक्षरेवरील बाळंभट्टी ही टीका पायगुंडे यांच्या घराण्याशी जोडली जाते. स्त्रियांच्या वारसाहक्काकडे ही टीका इतरांपेक्षा उदारपणे पाहते, म्हणून कायद्याचे अभ्यासक तिची आजही दखल घेतात. अशा घरी रामाने अनेक वर्षे धर्मशास्त्राचे अध्ययन केले. सावकाराकडचा शागीर्द शास्त्री होऊन परतला आणि १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या पदरी रुजू झाला. १७५९ मध्ये पुण्याच्या न्यायाधीशपदाची वस्त्रे त्यांना मिळाली.

त्या काळचे न्यायदान आजच्यासारखे नव्हते. गावातील वतनाचे, वाटणीचे, सीमेचे तंटे गोतसभा आणि पंचायती तोडीत. निकाल मान्य राहील असा राजीनामा वादी-प्रतिवादी आधीच लिहून देत. जामीन घेतले जात. साक्षी नोंदल्या जात. जिंकणाऱ्याच्या हाती जयपत्र पडे आणि त्याच्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. पंचायतीत न मिटलेला वाद पुण्यास न्यायाधीशांपुढे जाई. या साऱ्या व्यवस्थेची भिस्त लेखी कायद्याइतकीच माणसाच्या चारित्र्यावर होती. न्यायाधीश विकला गेला, तर दाद मागायला दुसरी जागा नव्हती. रामशास्त्र्यांचे मोल जाणून घ्यायचे तर हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

थोरले माधवराव पेशवे आणि रामशास्त्री यांचे नाते त्या काळातील एक उजळ पान आहे. माधवराव १७६१ मध्ये गादीवर आले तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे ते जपजाप्यात वेळ घालवू लागले आणि राज्यकारभार खोळंबू लागला. एकदा शास्त्री भेटीस आले असता पेशवे ध्यानस्थ होते. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. स्नानसंध्येतच आयुष्य घालवायचे असेल तर पेशव्यांनीही गादी सोडून आपल्यासोबत गंगातीरी यावे. गादीवर बसायचे असेल तर रयतेचे रक्षण हेच त्यांचे अनुष्ठान, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. तरुण पेशव्यांनी तो मानला. साताऱ्यास रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकिकत नोंदली आहे. दिवसाच्या गरजेपुरताच शिधा शास्त्र्यांच्या घरी असे, हेही त्यानेच लिहून ठेवले.

त्यांच्या घराविषयीची आख्यायिका तर मराठी घराघरांत सांगितली जाते. शास्त्र्यांच्या पत्नी वाड्यात गेल्या असता त्यांचा साधा वेष पाहून त्यांना दागिन्यांनी मढवण्यात आले आणि पालखीतून घरी पोहोचवण्यात आले. दारात उभ्या राहिलेल्या शास्त्र्यांनी पालखी चुकीच्या घरी आल्याचे सांगून दार लावून घेतले. दागिने परत गेले तेव्हाच ते दार उघडले. रत्नांकडे पाहता पाहता भान हरपलेला साताऱ्याचा मुलगा तोवर फार दूर निघून आला होता.

खरी कसोटी पुढेच होती. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊर येथे निवर्तले. धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांची हत्या केली. पेशवेपद चुलते रघुनाथरावांकडे गेले. राज्याचा धनीच संशयित होता आणि चौकशी करणारा त्याचाच चाकर होता. रामशास्त्र्यांनी सुमारे सहा आठवडे पुरावा गोळा केला. रघुनाथरावांनी हत्येचा नव्हे तर पकडण्याचा हुकूम दिला होता, आणि पत्रातील ‘ध’ चा ‘मा’ झाला, ही कथा याच प्रकरणातली. पण शास्त्र्यांच्या लेखी दोष रघुनाथरावांवर येत होता. प्रायश्चित्त कोणते, या प्रश्नाला त्यांनी देहान्ताचे उत्तर दिले. रघुनाथराव सत्तेवर असेपर्यंत पुण्यात पाऊल ठेवणार नाही असे सांगून ते शहर सोडून वाईजवळच्या गावी जाऊन राहिले.

हा निवाडा अमलात आला नाही. रघुनाथरावांना कोणी हात लावला नाही. ते पुढे दशकभर जगले. त्यांच्या खटपटींतून इंग्रज मराठी राज्याच्या घरात शिरले. तरीही तो निवाडा वाया गेला असे म्हणता येत नाही. ज्या पेशव्याला त्याच्याच न्यायाधीशाने खुनी ठरवले, त्याच्या गादीचा पाया ढासळला. नाना फडणीस आणि बारभाईंनी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांच्या नावे कारभार हाती घेतला. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्याच वर्षी रामशास्त्री सन्मानाने न्यायासनावर परतले आणि ऑक्टोबर १७८९ मधील मृत्यूपर्यंत तिथेच राहिले.

विसाव्या शतकाने त्यांना चेहरा दिला. प्रभातने १९४४ मध्ये ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री झाले आणि ललिता पवार आनंदीबाई. याच जागीरदारांनी पुढे दूरदर्शनसाठी ‘स्वामी’ ही मालिका दिग्दर्शित केली आणि घरोघरच्या छोट्या पडद्यावर माधवरावांचा दरबार पुन्हा भरला. ती ज्या कादंबरीवर बेतली, तिचे लेखक रणजित देसाई बेळगावशेजारच्या चंदगड तालुक्यातील कोवाडचे. सीमाभागाच्या मातीतल्या लेखणीने पेशवाईचा तो काळ मराठी वाचकांच्या मनात कायमचा उभा केला.

राजहंसगडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरसारख्या गावात रामशास्त्र्यांचे नाव निघते तेव्हा त्याला आणखी एक अर्थ चिकटतो. सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे या भागातील मराठी माणूस डोळे लावून आहे. ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला इथला फलक २०१४ मध्ये हटवला गेला आणि त्यानंतरचा लाठीमार गावाने सोसला. कौल कोणाच्याही बाजूने लागो, तो देणाऱ्यावर विश्वास असावा, एवढीच अपेक्षा दाद मागणारा बाळगतो. आपल्या धन्यासमोर उभे राहून त्यालाच दोषी ठरवणाऱ्या आणि मग स्वतःचे पद सोडणाऱ्या न्यायाधीशाने हा विश्वास मिळवला होता. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी मराठी माणूस न्यायाधीशाला त्यांच्याच नावाने जोखतो, याचे कारण हेच.