चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर

चित्रकलेचा तास म्हणजे अभ्यासांतला विसांवा, अशी समजूत पुष्कळ घरीं आढळते. मुलानें चार चित्रें काढलीं तर घरचीं माणसें क्षणभर कौतुक करितात, आणि परीक्षा जवळ आली कीं तींच चित्रें रद्दींत जातात. अशा मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं ज्याचें चरित्र अवश्य वाचावें, त्या एका थोर चित्रकाराची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

आल्ब्रेख्त ड्यूरर याचा जन्म जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं ता. २१ मे १४७१ रोजीं झाला. त्याचा बाप मूळचा हंगेरींतला. न्यूरेंबर्गास येऊन तो सोनारकीवर संसार चालवीत असे. त्यास १८ अपत्यें झालीं, परंतु त्यांपैकीं तीनच मुलगे मोठेपणीं हयात राहिले. आल्ब्रेख्त लिहावयास-वाचावयास शिकतांच बापानें त्यास शाळेंतून काढून आपल्या धंद्यांत घेतलें.

१४८४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, या मुलानें आरशांत पाहून स्वतःचें चित्र काढिलें. तें लेप दिलेल्या कागदावर रुप्याच्या टोकदार सळईनें काढलेलें आहे. या रीतीनें उमटलेली रेघ सहजासहजीं पुसतां येत नाहीं. म्हणून हात चालविण्यापूर्वीं डोळ्यांनीं नीट पाहावें लागतें. चित्रांतील एका हाताचें बोट पुढें केलेलें आहे. दुसरा हात दिसतच नाहीं, कारण बहुधा तोच चित्र काढण्यांत गुंतला होता! पुढें मोठेपणीं ड्यूररनें त्याच कागदावर, हें चित्र आपण लहानपणीं कोणत्या सालीं व कसें काढलें, तें लिहून ठेविलें. युरोपभर कीर्ति पसरल्यावरही त्यास आपल्या बाळपणींच्या कामाची लाज वाटली नाहीं. तें चित्र आज व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहालयांत आहे.

सोनारकी हातास बसूं लागली तोंच मुलाचें मन चित्रकलेकडे ओढ घेऊं लागलें. त्यानें तें बापास सांगितलें. धंदा शिकविण्यांत घालविलेला काळ व्यर्थ गेला, म्हणून बापास फार वाईट वाटलें. तथापि त्यानें हट्ट धरिला नाहीं. ता. ३० नोव्हेंबर १४८६ रोजीं त्यानें मुलास मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे तीन वर्षांच्या बोलीनें उमेदवार ठेविलें. तेथें सोबत्यांकडून त्यास बराच त्रास सोसावा लागला; पण तो शिकला. १४९० सालीं त्यानें आपल्या बापाचें तैलचित्र काढिलें, आणि त्याच वर्षीं तो देशाटनास निघाला. मार्टिन शोनगाउअर या विख्यात कलावंतास भेटण्यासाठीं तो कोलमार गांवीं गेला, परंतु शोनगाउअर १४९१ सालींच वारला होता. त्याच्या भावांनीं मात्र या तरुणाचें चांगलें आगतस्वागत केलें.

बापाचें शिकविणें खरोखर व्यर्थ गेलें काय? मुळींच नाहीं. सोन्यारुप्यावर नक्षी कोरणारा हात तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरूं लागला, आणि त्या कामांत ड्यूररची बरोबरी करणारा त्या काळीं कोणी उरला नाहीं. लांकडी ठशांवरून छापलेली त्याची १५ चित्रांची माला १४९८ सालीं प्रसिद्ध झाली, आणि त्याचें नांव दूरवर गेलें.

त्याचा खरा गुरु म्हणजे डोळसपणें पाहणें. १५०२ सालीं त्यानें एक ससा रंगविला. त्याचा केंस न् केंस मोजून घ्यावा असा! दुसऱ्या वर्षीं त्यानें नुसत्या गवताचा एक तुकडा तितक्याच आदरानें रंगविला. १५१४ सालीं त्यानें आपल्या ६३ वर्षांच्या आईचा सुरकुतलेला चेहरा कोळशानें रेखाटिला. त्यानंतर दोन महिन्यांतच ती माउली वारली.

याच्या उलट गोष्ट गेंड्याची. गुजराथच्या सुलतानानें पोर्तुगीजांस दिलेला एक गेंडा आपल्या गोव्याहून जहाजानें १५१५ च्या मे महिन्यांत लिस्बन बंदरीं पोंचला. ड्यूररनें तो स्वतः पाहिला नव्हता; दुसऱ्याचें वर्णन व रेखाटन यांवरून त्यानें त्याचें चित्र केलें. चित्र अप्रतिम झालें, पण गेंड्याच्या मानेमागें एक नसलेलें शिंग उगवलें, आणि पुढें कित्येक पिढ्या युरोपांतील लोक तसाच गेंडा काढीत राहिले! एवढ्या मोठ्या कलावंताची जर ही गत, तर छापील चित्रांवरून नक्कल करणाऱ्या मुलांनीं काय तो बोध घ्यावा.

उतारवयांत त्यानें मापनविद्येवर ग्रंथ लिहून १५२५ सालीं प्रसिद्ध केला. मनुष्यदेहाच्या प्रमाणांवरील त्याचा ग्रंथ बाहेर आला तो त्याच्या मृत्यूनंतर. ता. ६ एप्रिल १५२८ रोजीं तो न्यूरेंबर्ग येथेंच निवर्तला.

ड्यूरर पुष्कळशा चित्रांवर आपलीं आद्याक्षरें व साल घालीत असे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही संवय अवश्य लावून घ्यावी. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांचीं प्रमाणपत्रें मिळवावीं, तीं उपयोगाचींच आहेत. परंतु पुढें कलाशाळेच्या दारांत उभें राहाल तेव्हां तुमच्या हातचें कामही तुमच्यासाठीं बोलेल. म्हणून प्रत्येक चित्रावर तारीख घालून तें जपून ठेवा. फसलेलेंही ठेवा, कारण प्रगति त्यावरूनच मोजतां येते. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, त्या सोनाराप्रमाणें मनांत वाईट वाटलें तरी मुलाचें म्हणणें ऐकून घ्यावें, आणि निदान त्याचीं चित्रें तरी रद्दींत घालूं नयेत.