विश्लेषण : डॉ. कमल रणदिवे यांचे संशोधन मोजायचे कसे?

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. देशात आधी नसलेली प्रयोगशाळा उभारणे म्हणजे काय असते, हे मुंबईत सुमारे सत्तर वर्षांपूर्वी डॉ. कमल रणदिवे यांनी अनुभवले होते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी गुगल डूडलमुळे हे नाव मोबाइलवर घरोघरी पोहोचले. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. पण त्यांचे मोल या आकड्यात मावते का?

जडणघडण कशी झाली?

कमल समर्थ यांचा जन्म १९१७ मध्ये पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. मुलीने मात्र विज्ञानाची वाट धरली. हुजूरपागा, फर्ग्युसन आणि पुण्याचे कृषी महाविद्यालय असे शिक्षण झाले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करतानाच त्यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएचडी मिळवली.

प्रयोगशाळेत काय घडले?

केळीच्या रोपांमुळे टिश्यू कल्चर हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यांच्याही ओळखीचा आहे. माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवणे हे त्याचेच दुसरे रूप. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे त्या हे तंत्र शिकल्या. १९५१ मध्ये प्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवणारे ते हेच गे. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा काय संबंध आहे, याचा त्यांनी शोध घेतला. १९६६ ते १९७० या काळात केंद्राची धुराही त्यांनी सांभाळली.

कुष्ठरोगाचा वाद काय होता?

कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील माध्यमात वाढत नाही. आजही ही अडचण सुटलेली नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांपासून वेगळा केलेला जंतू वाढवल्याचे जाहीर केले. तो ‘आयसीआरसी बॅसिलस’ म्हणून ओळखला गेला. हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर वाद झाला. पुढे तो जवळच्या, पण वेगळ्या गटातला ठरला. मात्र त्याच्यापासून मुंबईतच लस तयार झाली. दक्षिण भारतातील सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. त्याच चाचणीत बीसीजीचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते.

प्रभाव कसा मोजतात?

एखाद्या निबंधाचा संदर्भ इतर संशोधकांनी किती वेळा दिला, हे मोजले जाते. २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले, तर एच-निर्देशांक २०. ही पद्धत २००५ मध्ये आली. रणदिवे यांचे निधन २००१ मध्येच झाले होते. शिवाय पन्नाशीच्या दशकातील भारतीय नियतकालिकांतले लेखन आजच्या संगणकीय सूचींमध्ये अनेकदा सापडतच नाही. आणखी एक मेख आहे : दावा खोडून काढण्यासाठी दिलेला संदर्भ आणि मान्य करून दिलेला संदर्भ, दोन्ही मोजणीत सारखेच.

मोजणीबाहेर काय राहते?

उभारलेली प्रयोगशाळा, तिथे तयार झालेले संशोधक आणि वादग्रस्त जंतूपासून निघालेली उपयोगी लस यांचा हिशेब लेखकाच्या निर्देशांकात येत नाही. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी घेतलेला पुढाकारही त्यात नाही. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, खेड्यांतील महिलांना आरोग्याचे धडे दिले. निर्देशांक संशोधकाची एक बाजू दाखवतो. नेमणूक असो वा निधी, निर्णय घेताना बाकीच्या बाजू वेगळ्या तपासाव्याच लागतात.