चवदार तळ्याचा दावा

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली. गरीब अशिलांचं काम ते फीवाचूनही करीत. पण एका मोठ्या दाव्यात ते स्वतःच प्रतिवादी होते, हे आपल्या मुलांना सांगितलंच पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. सनातनी मंडळी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांनी तिथं न येण्याची जुनी वहिवाट आहे, असं त्यांचं म्हणणं. १४ डिसेंबरला मनाईहुकूम निघाला. २५ डिसेंबरच्या परिषदेला हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीनं आलेली. तरी बाबासाहेबांनी समजूत घालून सत्याग्रह तहकूब केला. हुकूम मोडला नाही, कोर्टातच उत्तर दिलं.

मग कैफियत, कागदपत्रं, साक्षीपुरावे. १९३१ ला महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. वादी अपिलात ठाण्याला गेले, १९३३ ला तिथंही हरले. शेवटी हायकोर्ट. तळं नगरपालिकेचं, वहिवाट शाबीत नाही, असा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला.

ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं! म्हणून बंधू-भगिनींनो, हक्काच्या कामात तारखा पडल्या तरी खचू नका, कागद जपून ठेवा. जयभीम!