ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : भिंगाची निवड आणि माणसाचा चेहरा

जुने इंग्रजी चरित्रग्रंथ चाळताना टेनिसन, कार्लाइल, डार्विन यांच्या ज्या गंभीर मुद्रा दृष्टीस पडतात, त्यांपैकी कित्येक एकाच स्त्रीने टिपलेल्या आहेत. ती स्त्री म्हणजे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन.

त्यांचा जन्म 11 जून 1815 रोजी कलकत्त्यास झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. 1838 मध्ये कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1848 मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले आणि 1860 मध्ये आइल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे स्थायिक झाले. डिसेंबर 1863 मध्ये कन्या व जावई यांनी त्यांना एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्यांचे वय 48 होते. कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची अंधारखोली.

पहिल्या कॅमेऱ्यावर जामँ या फ्रेंच कारागिराचे, सुमारे 12 इंच नाभीय अंतराचे भिंग होते. त्यात एक वैगुण्य होते. डोळ्यास स्पष्ट दिसणारी प्रतिमा निळ्या प्रकाशास संवेदनशील असलेल्या त्या काळच्या काचेवर किंचित धूसर उमटे. भिंगाचे तोंड लहान केले असते, तर रेषा अधिक रेखीव आल्या असत्या. ज्युलियाबाईंनी मात्र ते पूर्ण उघडेच ठेवले. प्रतिमा सुंदर वाटली की त्या तेथेच थांबत. छायाचित्रण संस्थांतील जाणकारांनी या धूसरतेवर कठोर टीका केली. हौशी बाईला यंत्र नीट हाताळता येत नाही, असा तिचा रोख होता.

1865 मध्ये त्यांनी 15 बाय 12 इंची काच बसेल असा मोठा कॅमेरा घेतला आणि पुढे त्यावर सुमारे 30 इंच नाभीय अंतराचे डालमायर भिंग बसविले. या निवडीमागे मर्म होते. चेहरा मूळ आकारात उतरवायचा, तर माणूस भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर असावा लागतो. 12 इंची भिंगासमोर हे अंतर अवघे 2 फूट, आणि इतक्या जवळून नाक फुगीर व कान आखूड दिसतात. 30 इंची भिंगासमोर तेच अंतर 5 फूट होते आणि चेहऱ्याची प्रमाणे शाबूत राहतात.

नवे भिंग अधिक निर्दोष होते, तरीही बाईंची चित्रे मृदूच राहिली. टीकाकारांना याहून स्पष्ट उत्तर नव्हते. जी धूसरता प्रथम योगायोगाने आली, ती आता त्यांची निवड ठरली होती. 1867 मध्ये त्यांनी खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांचे पांढरे केस धुऊन मोकळे करविले. काळोखातून उजळणाऱ्या त्या वृद्ध चेहऱ्यात वस्त्राची वीण शोधण्याचे कोणास सुचत नाही.

1875 मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेले. तेथेच 26 जानेवारी 1879 रोजी ज्युलियाबाईंचे निधन झाले. 1926 मध्ये त्यांच्या भाचीची कन्या व्हर्जिनिया वुल्फ हिने रॉजर फ्राय यांच्या साहाय्याने त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. एके काळी सदोष ठरविली गेलेली ती चित्रे अशा रीतीने ग्रंथालयांच्या कपाटांत मानाने विराजमान झाली.