लँडिंगच धड जमत नव्हतं, तरी एकटीने विमान ऑस्ट्रेलियाला नेलं: एमी जॉन्सनची गोष्ट

विमान शिकणाऱ्याला सगळ्यात जास्त रडवतं ते लँडिंग. जमीन काही फुटांवर आली की नाक अलगद वर उचलून वेग घालवायचा असतो. ते उंचावरच उचललं तर विमान धपकन आदळतं, उशीर झाला तर चेंडूसारखं उसळतं. वेग जास्त राहिला तर मैदान संपतं पण विमान थांबत नाही. १९२० च्या दशकातल्या जिप्सी मॉथला तर ब्रेकही नव्हते.

एमी जॉन्सनचं घोडं इथेच अडायचं. १९०३ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेली ही मुलगी लंडनला एका वकिलाकडे सेक्रेटरी होती. १९२८ मध्ये तिने स्टॅग लेनच्या क्लबमध्ये शिकायला सुरुवात केली. बाकीचे आठ-दहा तासांच्या शिकवणीत एकटे उडायचे, तिला जवळपास १६ तास लागले. पण तिने इंजिन खोलून जोडायचंही शिकून घेतलं आणि ग्राउंड इंजिनिअरचं लायसन्स मिळवलं. असं करणारी ती पहिली ब्रिटिश महिला.

५ मे १९३० रोजी ती 'जेसन' नावाच्या सेकंडहँड जिप्सी मॉथमधून ऑस्ट्रेलियाला निघाली. तोवरचा तिचा सगळ्यात लांबचा प्रवास होता लंडन ते हल! तरीही कराचीला पोहोचली तेव्हा ती बर्ट हिंकलरच्या साडेपंधरा दिवसांच्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे होती. (त्याच महिन्यात जेआरडी टाटा आणि अस्पी इंजिनिअर आगाखान स्पर्धेसाठी कराची-लंडन मार्गावर जिप्सी मॉथच उडवत होते.)

मग लँडिंगने दगा दिला. इंधन संपत आलं म्हणून ती झाशीच्या लष्करी परेड ग्राउंडवर उतरली. विमान थेट बराकींपर्यंत घरंगळलं आणि पंखाला मार बसला. ब्रह्मदेशात रंगूनचं रेसकोर्स पावसात सापडेना, म्हणून तिने इनसीनच्या एका खेळाच्या मैदानावर विमान उतरवलं. ते खड्ड्यात गेलं, प्रोपेलर मोडला. तिथल्या तांत्रिक शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी तिच्यासोबत खपून ते दुरुस्त केलं, पण विक्रम हातचा गेला. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. जवळपास १८,००० किलोमीटर, एकटी. पाच दिवसांनी ब्रिस्बेनला हजारो लोकांसमोर विमान मैदानाबाहेर जाऊन उलटलं. तिला फारसं लागलं नाही, पण पुढे सिडनीला ती प्रवासी म्हणून गेली.

दुसऱ्या महायुद्धात ती कारखान्यातली विमानं हवाई दलाच्या तळांवर पोहोचवायचं काम करत होती. ५ जानेवारी १९४१ रोजी ढगाळ हवेत ती भरकटली. अखेर थेम्सच्या मुखाशी तिने पॅराशूटने उडी मारली. तिला वाचवायला हेझलमियर जहाजाचे कप्तान वॉल्टर फ्लेचर यांनी गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली आणि तेही गेले. ३७ वर्षांच्या एमीचा मृतदेह आजवर सापडलेला नाही.