बाजी प्रभू देशपांडे

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील आमच्या वाचकांस आषाढाचा पाऊस ठाऊक आहे. उल्हास व पाताळगंगा दुथडी भरून वाहू लागल्या, म्हणजे वडील माणसे कोणास घाटवाटेने जाऊ देत नाहीत. अशाच पावसात रात्रभर डोंगर तुडविणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

बाजी प्रभू हे हिरडस मावळाचे देशपांडे असून बांदल देशमुखांच्या पदरी होते. बांदल प्रथम शिवाजी महाराजांच्या विरुद्ध होते; पुढे ते व बाजी दोघेही महाराजांस मिळाले.

इ. स. १६६० च्या मार्चात विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळगडास वेढा घातला. महाराज गडावर अडकले. खालापुरातील चौक गावाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडण्याचा यत्न केला. पण तो निष्फळ झाला. पावसाळा लागला, तरी जौहर हटला नाही.

तेव्हा १२ जुलैच्या रात्री महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडाखाली उतरले. शिवा काशीद नावाच्या नाभिकाने महाराजांचा वेष घेऊन शत्रूस चकविले व त्यापायी प्राण दिला, अशी परंपरा आहे. विशाळगड सुमारे ६० किलोमीटर दूर. वाटेत मसाईचे पठार, दाट रान, चिखल आणि फुगलेले ओढे. पावसाने त्यांस झाकले खरे, परंतु पावलेही जड केली. दुसऱ्या दिवशी शत्रूने त्यांस गजापूरच्या घोडखिंडीजवळ गाठले.

हा मुलूख कासारी नदीच्या उगमाकडचा. खिंड इतकी अरुंद, की थोडक्यांनी पुष्कळांस अडवावे. बाजींनी निम्मी माणसे घेऊन तेथे राहण्याचे पत्करले व महाराजांस पुढे जाऊ दिले. विशाळगडासही शत्रूचा वेढा होता. तो फोडून महाराज वर पोहोचेपर्यंत बाजी व बांदलांचे लोक प्रहरामागून प्रहर झुंजले. बाजी तेथेच पडले. गडावरील तोफांचा आवाज कानी येईपर्यंत त्यांनी प्राण धरून ठेविला, असे लोक सांगतात.

पुढे दरबारातील मानाचे पहिले पान बांदलांस मिळाले, आणि घोडखिंडीस पावनखिंड हे नाव पडले. बाजींची समाधी विशाळगडावर आहे. त्यांजबरोबर पडलेल्या बहुतेकांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. पुढे गेलेला सुखरूप पोहोचला, तो मागे थांबलेल्यांमुळे. हे आमच्या वाचकांनी विसरू नये.