कोरड्या भूमीचा नकाशाकार : जॉन वेस्ली पॉवेल

अमेरिकेच्या पश्चिम भागातील उंच, निर्जल पठारांवरच्या कुरणांचे जुने नकाशे आजही अभ्यासकांना मोलाचे वाटतात. तपकिरी समोच्च रेषा, निळे ओढे, काळ्या शाईतील वाटा व वस्त्या, अशी त्यांची मांडणी असते. या नकाशांमागे जॉन वेस्ली पॉवेल यांची दृष्टी व चिकाटी उभी आहे.

पॉवेल यांचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. यादवी युद्धात, १८६२ च्या शायलोच्या लढाईत, त्यांना उजवा हात गमवावा लागला. तरीही १८६९ च्या मे महिन्यात नऊ सोबती व चार होड्या घेऊन ते ग्रीन नदीतून निघाले आणि कोलोरॅडोच्या अज्ञात दऱ्यांत शिरले. तीन महिन्यांनी ग्रँड कॅन्यन पार झाले, तेव्हा त्यांच्यासह सहाच जण उरले होते.

पुढील काही वर्षे आसपासच्या पठारांची मोजणी करून १८७८ मध्ये त्यांनी कोरड्या प्रदेशाविषयीचा आपला अहवाल सादर केला. वीस इंचांहून कमी पावसाच्या भूमीत कालव्यावाचून शेती होणे नाही, हा त्याचा गाभा होय. १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यास १६० एकर जमीन मिळे. पशुपालकास २,५६० एकर आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाणी हवे, असे पॉवेल यांचे म्हणणे होते. ते कोणी मानले नाही.

१८८१ मध्ये ते राष्ट्रीय भूशास्त्रीय सर्वेक्षणाचे संचालक झाले. १८८४ पासून त्यांनी साऱ्या देशाच्या भूस्वरूपाचे नकाशे पद्धतशीरपणे करण्याचे काम हाती घेतले. पाणी कोठे अडविता येईल हे कळल्यावाचून जमीन वाटू नये, हा त्यांचा आग्रह होता. १८८८ च्या सिंचन सर्वेक्षणामुळे जमिनींचे वाटप थांबले, तेव्हा सट्टेबाज व लोकप्रतिनिधी खवळले. १८९० मध्ये त्या कामाचा पैसा बंद झाला. १८९४ मध्ये पॉवेल यांनी पद सोडले व २३ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

१९१६ मध्ये पशुपालकांसाठी ६४० एकरांचा कायदा झाला. पॉवेल यांनी सुचविलेल्या क्षेत्राचा तो केवळ चौथा हिस्सा होता. १९३० नंतरच्या दशकात नांगरलेली कोरडी माळराने धुळीच्या वादळांत उडाली आणि हजारो कुटुंबे देशोधडीस लागली. सत्तेने पॉवेल यांचा सल्ला नाकारला. त्यांनी आरंभिलेले नकाशांचे कार्य मात्र पुढे अखंड चालू राहिले, आणि भूमीचे खरे रूप जाणून घेऊ इच्छिणाऱ्यास ते नकाशे आजही मार्ग दाखवितात.